मुधोळची मिंचू, निपाणीचा पट्टा

पावसाळा सरला की आपल्या भागातल्या रस्त्यांवर मेंढरांचे कळप दिसायला लागतात. गाडी थांबवून, हॉर्न न वाजवता, गुपचूप बसून राहावं लागतं. आधी मेंढरं, मग काठ्या घेतलेली माणसं आणि सर्वांत मागून घोडं. त्या घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार असतो. भांडी, घोंगडी, डालग्यातल्या कोंबड्या, नुकतंच जन्मलेलं एखादं कोकरू. आणि नीट बघितलं तर घोंगड्याच्या घडीतून कान बाहेर काढून बसलेलं कुत्र्याचं पिल्लूही दिसतं. मोठी कुत्री चालत असतात, पिल्लू मात्र घोड्यावर. त्याचे पाय अजून एवढ्या लांबच्या वाटेचे झालेले नाहीत, हे धनगराला कुणी सांगावं लागत नाही.

आपल्याला मात्र सांगावं लागतं. कारण आपण पिल्लाचं सामान घ्यायला दुकानात जातो आणि दुकानात जे टांगलेलं असतं तेच पिल्लाला लागतं असं समजतो. बेळगावात आता खास कुत्र्यांच्या सामानाची दुकानं झाली आहेत. रंगीबेरंगी पट्टे, पिशव्या, गाद्या, चक्क रेनकोटसुद्धा! सामान वाईट असतं असं मी म्हणणार नाही. पण ते बहुतेक लॅब्रॅडॉर, पामेरियन नाहीतर पग डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं असतं. आपल्या मातीतल्या कुत्र्याचं अंगच वेगळं, आणि वाढत्या पिल्लाचं तर आजचं अंग उद्या नसतं.

माझं माहेर गोकाकचं, सासर निपाणीचं आणि संसार बेळगावात, टिळकवाडीत. माहेरी कन्नड, सासरी मराठी, आमच्या घरात दोन्हीची मिसळ. महिन्यातून दोनदा निपाणी आणि एकदा गोकाक ही आमची फेरी ठरलेली. घरात कुत्रं आणायचं निघालं तेव्हा आमच्या ह्यांची एकच अट होती. जे आणाल ते फेरीत आपल्याबरोबर आलं पाहिजे, शेजाऱ्यांच्या दारात बांधून जायचं नाही. मुलांना हवं होतं गोल्डन रिट्रीव्हर. माझे अप्पा फोनवर म्हणाले, "बाजूक मुधोळ ऐती, मत्त परदेशी नाई याक?" वाद तिथेच संपला.

गोकाकहून महालिंगपूरवरून मुधोळ पन्नासेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस, महालिंगपुरात गुळाची मोठी बाजारपेठ आणि पुढे घटप्रभेच्या काठचं मुधोळ. कन्नड वाचणाऱ्यांना हे गाव 'गदायुद्ध' लिहिणाऱ्या रन्न कवीचं म्हणून ठाऊक असतं, मराठी वाचणाऱ्यांना घोरपड्यांच्या संस्थानामुळे. मराठी राजघराणं आणि कन्नड मुलूख. १९४८ साली हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलं आणि १९९७ पासून ते बागलकोट जिल्ह्यात आहे. या घराण्यातल्या मालोजीराजांनी इथल्या शिकारी कुत्र्यांची पैदास जपली, पिल्लांची एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि तेव्हापासून हे कुत्रं मुधोळ हाउंड म्हणून ओळखलं जाऊ लागलं, असं सांगतात. महाराष्ट्रात त्यालाच कारवानी म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरॅव्हॅन हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. एकच कुत्रं, दोन नावं, दोन दप्तरं! सीमाभागातल्या माणसाला याचं नवल वाटायचं काही कारण नाही.

२००५ साली पोस्टाच्या तिकिटावर हे कुत्रं झळकलं. २०१६ साली इथली पिल्लं लष्कराच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेली. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे आणि आसपासच्या खेड्यांत अनेक शेतकरी घरी ही कुत्री पाळून पिल्लं विकतात. अशाच एका घरी आम्ही गेलो.

अप्पा जुने शिंपी. खिशात मापाची टेप असणारच. अंगणात पाच पिल्लं एकमेकांवर लोळत होती आणि मुलं त्यांच्यात रमली होती. अप्पांनी मात्र पिल्लांकडे बघितलंच नाही. त्यांनी पिल्लांच्या आईला उठवायला सांगितलं, चालवून बघितलं आणि मालकाच्या परवानगीने तिची मापं घेतली! खांद्यापर्यंत उंची पंचवीस इंच. कानांमागे मान साडेतेरा. डोकं सर्वांत रुंद असतं तिथे चौदा. छाती सव्वीस, कंबर जेमतेम एकोणीस. सगळं माझ्या डायरीत लिहायला लावलं. "ब्लाउज शिवताना पोरीच्या आईकडं बघावं, पोरगी कुठवर जाणार ते कळतं," हे त्यांचं जुनं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. कुत्र्याला ते लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

त्या पानावरच्या दोन आकड्यांनी पुढचं सगळं ठरवलं. मान साडेतेरा, डोकं चौदा. म्हणजे फक्त अर्ध्या इंचाचा फरक! लॅब्रॅडॉरचं डोकं मानेपेक्षा चांगलं रुंद असतं, पट्टा अडकून राहतो. मुधोळचं तोंड निमुळतं, मान लांब आणि भरीव. साधा बकलचा पट्टा सैल ठेवला तर कुत्रं मान खाली घालून, दोन पावलं मागे सरकून सहज सुटतं. घट्ट केला तर त्याचा जीव गुदमरतो. आमच्या ओळखीतल्या एकांचं कारवानी असंच दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पट्ट्यातून निसटलं. हे कुत्रं धावायला लागलं की माणूस काय, स्कूटरही त्याला गाठत नाही. त्यांनी पंधरा दिवस शोधलं. पट्टा आणि साखळी घरात तशीच लटकत होती.

अशा कुत्र्यांसाठी दोन फेऱ्यांचा पट्टा असतो. मोठी फेरी मानेभोवती रुंद आणि सैलसर, तिच्या दोन्ही टोकांना कड्या. त्या कड्यांतून छोटी फेरी ओवलेली आणि साखळी त्या छोट्या फेरीला. कुत्र्याने ओढ घेतली की छोटी फेरी ताणली जाते आणि मोठी आवळते. पण ती मानेच्या मापाइतकीच आवळावी, त्यापुढे नाही, असं माप धरायचं. इंग्रजीत याला मार्टिंगेल म्हणतात. बेळगावच्या दोन दुकानांत विचारलं. एकाकडे होता, पण मोठ्या कुत्र्याचा. पिल्लाच्या मापाचा पट्टा वाढत्या महिन्यांत दोन-तीनदा बदलावा लागणार, हेही होतंच.

तेव्हा माझे सासरे, मामा, म्हणाले, "चामड्याचं काम आणि त्यासाठी बेळगावात फिरताय? निपाणीला या." खरंच की! कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून. तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यानपिढ्या हे काम करतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं त्यांचं चामडं आपण पायात घालतोच.

मामांच्या ओळखीच्या एका चपला करणाऱ्यांकडे मी डायरीचं पान आणि वहीत काढलेलं चित्र घेऊन गेले. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे बैलाच्या म्होरकीसारखंच की वो." एका संध्याकाळी त्यांनी मिंचूचा पहिला पट्टा केला. (मिंचू हे नाव माझ्या मुलीने ठेवलं. वीज म्हटलं की दिवे गेल्याची आठवण होते, मिंचू म्हटलं की चमकल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं.) आतून मऊ, धारा घासलेल्या, दोन बोटं रुंद. तीन महिन्यांच्या पिल्लाची मान तेव्हा साडेनऊ इंच होती. त्यांनी मोठ्या फेरीत बकल दिलं आणि पुढची तीन भोकं आधीच पाडून ठेवली. सहाव्या महिन्यात मान बारा इंच झाली तेव्हा दुसरा पट्टा केला, तीन बोटं रुंद. पहिल्याच्या कड्या काढून दुसऱ्याला लावल्या.

चामड्याच्या पट्ट्याच्या दोन अडचणी सांगितल्याच पाहिजेत. एक, पिल्लू तो चावतं. म्हणून घरी आलं की काढून उंच खुंटीवर ठेवायचा. तसाही हा आवळणारा पट्टा एकट्या कुत्र्याच्या गळ्यात ठेवूच नये, खिडकीच्या गजात अडकला तर फास बसतो. दुसरी अडचण बेळगावचा पाऊस. जूनपासून चार महिने चामडं भिजून वाळून ताठ होतं, मग मान सोलवटते. पावसाळ्यात आम्ही त्याच बेताचा नायलॉनचा पट्टा वापरतो आणि चामड्याचा सावलीत वाळवून तेलाचं बोट फिरवून ठेवून देतो.

घरात असताना तिच्या गळ्यात एक साधी कापडी पट्टी असते, तिला पितळी बिल्ला. त्यावर नाव नको, फक्त फोन नंबर हवा. मामांना नंबर मराठीत हवा होता, अप्पांना कन्नडमध्ये. शेवटी इंग्रजी आकडे कोरले. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे सापडली काय आणि पलीकडे सापडली काय, सापडणाऱ्याला नंबर वाचता यायला पाहिजे.

पट्ट्याची खरी परीक्षा तवंदी घाटात झाली. मिंचू पाच महिन्यांची होती. तिला पाणी पाजायला आम्ही घाटाच्या पायथ्याशी, रस्त्यापासून बरंच आत, झाडाखाली थांबलो होतो. एका ट्रकने कर्कश हॉर्न वाजवला आणि ती एकदम मागे सरकली, मान खाली, कान मागे. हीच ती निसटण्याची पद्धत. माझ्या हातातली साखळी ताणली, छोटी फेरी ओढली गेली आणि पट्टा कानांमागे जिथे बसायला हवा तिथेच बसला. ती थरथरत उभी राहिली. समोर पुणे-बेंगळुरू महामार्ग वाहत होता. मुलं काही बोलली नाहीत. हे खाली बसले आणि तिच्या अंगावर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले.

गाडीतल्या सामानाचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात भाजीबाजारातला टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट सर्वांत उपयोगी पडला. तो मागच्या सीटच्या पायाशी घट्ट बसतो, कलंडत नाही, धुता येतो आणि वाढलेलं पिल्लू त्यात मावेनासं झालं तरी हळहळ वाटत नाही. खाली घोंगडीचा तुकडा. मुधोळच्या अंगावर केस आखूड आणि चरबी नावाला. थंडीत ते लगेच कुडकुडतं, आणि टणक जागी बसून कोपरांना घट्टे पडतात. घोंगडी धुतल्यावरही उबदार राहते. हाच तुकडा घरी, निपाणीला आणि गोकाकला तिच्याबरोबर फिरतो, त्यामुळे नव्या घरात पहिल्या रात्री ती रडली नाही.

पिंजरा घ्यायचा असेल तर मात्र पिल्लाच्या मापाचा घेऊ नका. तो मोठ्या कुत्र्याच्या मापाचा घ्यावा आणि मध्ये फळी लावून जागा लहान करावी. पिल्लू वाढेल तशी फळी सरकवायची. ज्यावर झोपायचं, ज्यात खायचं ते आईच्या मापाने घ्यायचं आणि जे अंगाला बांधायचं ते आजच्या मापाने. अप्पांची टेप आता आमच्या स्वयंपाकघरात टांगलेली असते. दर रविवारी मान आणि छाती मोजायची, मुलांच्या उंचीच्या खुणांशेजारी दारावर तिचीही खूण. गाडीच्या सीटबेल्टला अडकवायचा छातीपट्टा आम्ही तिसऱ्या महिन्यातच घेतला, तो छातीसमोर इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. छाती खोल आणि कंबर बारीक असल्यामुळे साधा छातीपट्टा मागे घसरतो.

लहान पिल्लांना गाडी लागते. निघण्याआधी तीन-चार तास खायला द्यायचं नाही, पाणी मात्र थोडं थोडं चालतं. आमच्या गाडीत आपल्या या साप्ताहिकाचे जुने अंक कायम ठेवलेले असतात. संपादकांनी रागावू नये, पण पिल्लाच्या उलटीवर यांच्याइतकी तत्पर सेवा दुसरं कुणी देत नाही! उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला निघतो. बंद गाडीत कुत्र्याला दहा मिनिटंसुद्धा ठेवत नाही. काच बोटभर उघडी ठेवून काही होत नाही, आतली हवा तापतच राहते. एकाने चहा प्यायला जायचं, एकाने तिच्याजवळ थांबायचं.

आता जे दुकानातल्या कुठल्याच मांडणीवर दिसत नाही ते सामान. सर्वांत आधी पैसे खर्च करायचे ते लसीवर. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची, पुढे दरवर्षी. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. त्यामुळे लसी पुऱ्या होईपर्यंत, इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर आम्ही तिला उतरवलं नाही. टिळकवाडीत फिरायची आवडती जागा म्हणजे व्हॅक्सिन डेपो, जिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. लसी झाल्या नाहीत म्हणून व्हॅक्सिन डेपोत जायचं नाही, ही गंमत आमच्या मुलाला फार आवडली. तोवर मी तिला खांद्यावर घेऊन फिरायचे. ट्रक, फटाके, घंटा, माणसं, सगळं तिने वरून बघून घेतलं. लसीचं पुस्तक गाडीच्या कप्प्यात असतं, रेल्वेने न्यायचं झालं तरी डॉक्टरांचा दाखला लागतो. आणि हो, खेळताना पिल्लाचा दात लागला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं. घरचंच पिल्लू आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

गोचिडाच्या औषधासाठी वजन लागतं, कारण डोस वजनावर असतो आणि पिल्लाचं वजन महिन्यात दीडपट होतं. मागच्या महिन्याच्या मापाने औषध देऊ नये, आणि गोठ्यातलं म्हशीचं औषध तर अजिबात नको. निपाणीला मामा तिला ओळखीच्या अडतीतल्या काट्यावर घालतात. सहा महिन्यांची असताना चौदा किलो भरली. बघणारे म्हणतात, "काय हो, उपाशी ठेवता काय हिला?" मुधोळच्या शेवटच्या एक-दोन बरगड्या दिसायच्याच असतात. लोकांच्या बोलण्यावरून कुणी टॉनिक आणि कॅल्शियम सुरू करतात. पिल्लासाठी तयार मिळणाऱ्या पूर्ण खाद्यात कॅल्शियम असतं, वरून घातलं तर वाढत्या हाडांना अपायच होतो. आमची डॉक्टरीण म्हणाली, ते पैसे अंड्यांवर घाला. ज्वारीची भाकरी, थोडं दूध, अंडं, कोंबडीचं मटण यावर तिची वाढ चालली आहे. पिल्लाला स्कूटरला बांधून डांबरी रस्त्यावर पळवणारी पोरं मी बेळगावात बघते तेव्हा मला थांबून बोलल्याशिवाय राहवत नाही. धावू दे, पण मातीवर आणि त्याच्या मनाने.

आता आमच्या तिन्ही घरांतलं विष. गोकाकला करदंट. सुक्या मेव्यात बेदाणे असले तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला धोका. माझ्या अव्वाला हे पटवायला दोन फेऱ्या लागल्या, कारण नातवंडांइतकाच मिंचूचाही त्यावर हक्क आहे असं तिचं मत. बेळगावच्या घरी चॉकलेट, आणि कांदा-लसणीचं कालवण घातलेला भात. निपाणीला तंबाखू. गावच तंबाखूचं आणि विडीचं, वाऱ्यालाही वास. तंबाखूतलं निकोटीन पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं आणि पिल्लू तर रस्त्यावरचं विडीचं थोटूकही तोंडात घालतं. म्हणून निपाणीत फिरायला नेताना मी मान खाली घालून चालते, जणू काही हरवलंय.

तिथे अजून एक घोळ होता तो भाषेचा. मुलं म्हणायची "बस", अव्वा म्हणायची "कूडु", आत्ती म्हणायच्या "बैस गं बाई" आणि हे इंग्रजीत हुकूम सोडायचे. पिल्लू प्रत्येकाकडे बघून शेपूट हलवायचं आणि उभंच राहायचं. शेवटी आम्ही घरात बसून ठरवलं. कामाला एकच शब्द, भाषा कुठलीही. बोलवायला "बा", कारण तो एकाक्षरी आहे आणि लांबून ऐकू जातो. बसायला "बस". सोडायला "सोड". नको म्हणायला "ब्याड", तो तोंडातून आपोआप दरडावूनच निघतो. ही यादी तिन्ही घरांच्या फ्रिजवर चिकटवली आहे. निपाणीच्या आत्तींना कन्नड फारसं येत नाही, पण परवा दूध उतू जाताना त्या गॅसवरच "ब्याड, ब्याड" म्हणून ओरडल्या.

मामांची तंबाखूची चंची पूर्वी खाटेवर असायची. मिंचू यायला लागल्यापासून ती खुंटीवर गेली. मग ती मागच्या पायांवर उभी राहायला शिकली, तेव्हा मामांनी स्वतः खिळा काढून हातभर वर ठोकला आणि चंचीऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणला. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. माझी, मुलांची चौकशी झाली आणि मग हळूच विचारलं, "आता उभी राहिली की कुठवर पोचते?" मी टेप लावून सांगितलं, साडेचार फूट. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं, मग डबा कपाटावर ठेवतो. तुम्ही शनिवारी या."